चिंचेखालचा बुधवार

तपासणीला नेमका बुधवारच सापडावा! सुमती सिस्टर खुर्चीवर बसल्या बसल्या चरफडत होती. बुधवार म्हणजे गावचा बाजार. त्या दिवशी ती दवाखान्यात थांबायचीच नाही; पेटी उचलायची आणि बाजारातल्या चिंचेखाली जाऊन बसायची. दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या बायका भाजी घेता घेता तिच्यापाशी टेकायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलेलं.

आज मात्र डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांना जागेवर खिळवलं होतं. कुठल्या दवाखान्याचा कारभार चोख, कुठे काही नवं चाललंय, याचे गुण द्यायला नागपूरहून साहेब येणार होते. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून आणलेले पडदे नव्या नवरीसारखे अवघडून लटकत होते.

सुमतीचा जीव चिंचेखाली. आज कौशल्या येणार होती. आठवा महिना, डोकं सारखं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी. ही लक्षणं बरी नव्हती; त्यात पायांवर सूज चढली तर आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतायचं. सासू दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. सिस्टर बाजारात तपासते म्हणते तर तपासू दे, एवढ्यावर कशीबशी राजी झाली होती.

जीप आली तेव्हा उन्हं कलली होती. साहेबांनी औषधं पाहिली, हजेरी पाहिली, खूश झाले. मग सुमतीकडे वळले.

"सिस्टर, तुम्ही इथे काही नवीन करता का?"

सुमतीनं तोंड उघडलं. साहेबांच्या खांद्यामागून डॉक्टरांनी हळूच नकाराची मान हलवली. बाजारात बसायची परवानगी कुठे होती?

"नाही साहेब," ती म्हणाली.

इतकं गुळगुळीत निघालं की तिलाच नवल वाटलं. खरं बोलली असती तर साहेबच म्हणाले असते, चला, दाखवा. बाजार अजून भरलेला होता.

साहेब चहा पिऊन गेले. सुमती पेटी घेऊन पळत सुटली, तोवर बाजार उठला होता. पेरूवाली तुळसाबाई तेवढी टोपली आवरत होती.

"आल्ती ना बाई कौशल्या. लय वेळ बसून होती."

"मग?"

तुळसाबाईनं नजर वर केली नाही. "सासू म्हणे, पाह्यली तुही सिस्टर? चाल आता, पुन्हा तिचं नाव काढू नोको."

"गाडीनं गेल्या?"

"नाही वं माय, पायीच. चप्पल काही पायात जाये ना तिच्या, मंग हातात धरली."