न गिळलेली गोळी

“आयर्नची गोळी गरोदर बायकांना लागू पडते का, यावरच आढावा घेते, बाई. आकडेवारीचे जुने अभ्यास एकत्र केले की बाळंतपणाआधी प्रबंध हातावेगळा,” सातवा महिना लागलेली मृण्मयी म्हणाली.

वत्सलाबाईंनी थकून चष्मा काढला. निवृत्तीआधीची ही शेवटची विद्यार्थिनी, आणि प्रश्न पुन्हा तोच. गोळी लागू पडते, हे कधीच सिद्ध झालं होतं. तरी त्यांना आठवत होत्या तरुणपणी पाड्यावर तपासलेल्या, रक्त कमी असलेल्या पांढऱ्याफटक बायका आणि न घेता छपराच्या गवतात खोचलेल्या त्यांच्या गोळ्या.

“बायका ती घेत का नाहीत, याचा आढावा घे. त्यांच्या मुलाखतींचेही अभ्यास आहेत.”

“त्यात काय सापडणार, बाई? अडाणीपणा.”

“तू घेतेस ना रोज?”

मृण्मयीने पर्स उघडली. आतून काढलेलं गोळ्यांचं पाकीट भरलेलंच होतं.

“मळमळतं. तोंडाला गंजासारखी चव येते. घरी सांगायचीही सोय नाही, डॉक्टर ना मी.”

बाईंनी आपला डबा उघडून पुढे सरकवला. “हेच म्हणणाऱ्या बायका सापडतील तुला. आधी दोन घास खा, मग गोळी.”

मृण्मयीने गोळी गिळली, तोंड वाकडं केलं आणि आपल्या कागदावरचा ‘लागू पडते का’ हा प्रश्न खोडला.