आतला काउंटर

बिल यायला तीन मिनिटं लागायची आणि तेवढ्यात गिऱ्हाईक दोनदा घड्याळ बघायचं, म्हणून दुकानदाराने शेवटी कॉम्प्युटरवालीला बोलावलं. ती आली तेव्हाही एक सुतार स्क्रूच्या बिलासाठी ताटकळत उभा होता. खोके सरकवून तिने काउंटरवर लॅपटॉप ठेवला.

"इंटरनेट स्लो आहे, ताई, दुसरं काय," दुकानदार म्हणाला. "बाकी आपल्याकडे चुकीला जागा नाही. बाबांनी दुकान हातात दिलं त्याला दोन वर्षं झाली. एक बिल परत आलेलं नाही. विचारा कुणालाही."

कुणाला विचारायची गरजच नव्हती, आल्यागेल्याला तो स्वतःच सांगायचा. बाबा आयुष्यभर म्हणत आले होते, हे पोर गल्ल्यावर बसलं तर खिळ्यांच्या भावात कुलपं विकेल. ते त्याने खोटं करून दाखवलं होतं. पंचेचाळिशीत त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं.

"दुकानातल्या कुठल्या काउंटरला ई-बिलाची परवानगी आहे, ते हा प्रोग्राम सांगतो," ती म्हणाली. थोड्या वेळाने यादी आली. यादी कसली, एकच ओळ: काउंटर एक, मंजूर.

"हा तर दोन नंबर," दुकानदार म्हणाला. "एक नंबर आत गोदामात आहे. जुना. बाबा तिथे पेपर वाचत बसतात."

"मग या काउंटरला परवानगीच नाही, काका. कुणी अर्जच केलेला नाही."

"बिलं तर रोज निघतायत."

"तुम्ही केलेलं बिल आधी आत जातं. तिथे कुणीतरी ते तपासतं, चुकलं असेल तर दुरुस्त करतं आणि मग पाठवतं. म्हणून वेळ लागतो." तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "या बघा दुरुस्त्या. पहिल्या महिन्यात एकसष्ट."

सुतार छताकडे बघू लागला. दुकानदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे अर्ज बाबांनीच भरले होते, निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात. मालक म्हणून मुलाचं नाव घातलं आणि परवानगी मात्र स्वतःच्या टेबलापुरती घेतली. दोन वर्षं हा छाती काढून मिरवत होता आणि आतून म्हातारा त्याच्या चुका पुसत होता. आता काय ते एकदाच विचारून टाकू, म्हणून तो उठला आणि गोदामाच्या दाराशी गेला.

दार अर्धं उघडं होतं. पेपर टेबलाच्या कडेला पडला होता, त्याची घडीही मोडलेली नव्हती. बाबा कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून सुताराचं बिल वाचत होते. एका हाताचं बोट पडद्यावर, दुसऱ्या हाताचं भावांच्या वहीत. शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आले. काही सापडलं नाही. चष्मा पुसून त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं. मग बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून रिकाम्या पडद्याकडे बघत बसले.

दुकानदार दारातूनच परत आला. स्क्रूचं बिल तोवर छापून झालं होतं.

"या महिन्यात किती दुरुस्त्या?" त्याने विचारलं.

"शून्य. गेले सहा महिने शून्यच आहेत." ती सरळ बसली. "अर्ज करायचा का? मालक तुम्हीच आहात, हे बटण दाबा. मग बिल थेट इथूनच, लगेच निघेल. आतलं मशीन काढून टाकलं तरी चालेल."

त्याने बोट बटणाजवळ नेलं. त्याला ते दाबायचं होतं, मनापासून दाबायचं होतं.

"शेठ, या बारा बिजागऱ्यांचं वेगळं बिल करा," सुतार म्हणाला. "दुसऱ्या घराच्या आहेत."

दुकानदाराने बिजागऱ्या मोजून पुढे ठेवल्या, आपल्या मशीनवर बिल केलं आणि एकवीस आकडा टाकला.

"काका, बारा आहेत," ती म्हणाली. "तुम्ही एकवीस टाकलेत."

"दिसतंय मला."

त्याने बिल आत पाठवलं. तिच्या लॅपटॉपचं झाकण हलकेच लावलं. "अर्ज राहू दे. तुमच्या कागदावर लिहा, इंटरनेट स्लो आहे."

या वेळी पाच मिनिटं लागली. सुताराने दोनदा घड्याळ पाहिलं, पण दुकानदाराने त्याची माफी मागितली नाही. मग प्रिंटर खरखरला. कागदावर बारा होते.

आत बाबा शीळ घालत होते.