सायकलीने निवडलेली वाट

उताराच्या तोंडाशी सायकल आपोआप थांबली. "तुमच्या आवडीप्रमाणे खालची सपाट वाट निवडली आहे," ती गोड आवाजात म्हणाली.

मृदुला काळसेकरला संताप आला. गेल्या वर्षी याच उतारावर पडून तिचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून इथे आली की ती ब्रेक दाबायची, आणि सायकल ते शिकत गेली होती. डोंगरी सायकली आता कुणाच्या मालकीच्या नसत; कंपनी त्या भाड्याने द्यायची, आणि स्वाराची आवड ओळखून त्या स्वतःच वाट ठरवायच्या.

"ताई, खालूनच जाऊ," मागून आलेला तिचा सायकलस्वारीतला जोडीदार इम्तियाज म्हणाला. "ती काही ऐकायची नाही."

"माझ्या भीतीलाच ही सायकल आवड समजते!" मृदुला म्हणाली.

मृदुलाने पाना काढला, कंपनीचं सील तोडलं आणि बॅटरी उपटली. आवाज बंद पडला. ब्रेक तेवढे साध्या तारेचे होते.

"उद्यापासून सायकल मिळणार नाही तुम्हाला!" इम्तियाज ओरडला.

"आज तर आहे."

ती सुटली. मधल्या वळणावर चाक घसरलं, गुडघा सोलवटला. ती उठली, अवजड सायकल ढकलत वर आली आणि पुन्हा सुटली. या वेळी वळणावर तिने ब्रेकवरची बोटं मुद्दाम सैल सोडली. खाली पोचली तेव्हा ती मोठ्याने हसत होती.

इम्तियाज सपाट वाटेने आला. "आता पुढच्या रविवारी काय?"

"भंगारात जुन्या सायकलींचे सांगाडे मिळतात. त्यातून माझी एक जोडते," गुडघ्यावरची माती झटकत ती म्हणाली. "तुझी उंची किती रे?"