आठ आणि पाच

"बोटं खाली," हरेश सर म्हणाले. "आता सांग. आठ आणि पाच?"

काशीने हात फ्रॉकच्या मागे नेले, छताकडे पाहिलं, ओठ हलवले आणि उत्तर दिलं. कालही तिने हेच दिलं होतं.

सरांनी डोळे मिटून घेतले. शाळा केव्हाच सुटली होती. शेलार गावातल्या त्या शाळेला लागूनच कापड विणणाऱ्या लूमची शेड होती आणि तिची खटखट सरांच्या कपाळात घुसत होती. पण ते रागावले नाहीत. मुलांवर रागावू नये असं त्यांना प्रशिक्षणात सांगितलं होतं, आणि त्या दिवशीचं जेवण चांगलं असल्यामुळे ते लक्षात राहिलं होतं.

सुरुवातीला त्यांनी तिला काड्याही दिल्या होत्या. काशीने त्या मांडल्या, रबर लावून दहाचा गठ्ठा बांधला, सुट्या बाजूला ठेवल्या, आणि पुन्हा तेच. तेव्हापासून काड्या कपाटात होत्या.

दुसरीच्या बाकीच्या पोरांची सरांना चिंता नव्हती. ती सांगितलेलं निमूट पाठ करत. काशीच्या डोक्यात मात्र एकदा काही बसलं की पहारीनेही निघत नसे.

आणि चाचणी उद्यावर आली होती. प्रश्न शिक्षकांच्या ग्रुपवर आधीच फिरले होते, तेवढी सोय होती. वर्षाच्या सुरुवातीला एक चाचणी, शेवटी एक. दोन्हींतला फरक म्हणजे शाळेची प्रगती. गेल्या वर्षी सरांची प्रगती शून्य भरली. तालुक्याच्या सभेत त्यांना उभं केलं आणि शेजारच्या शाळेच्या सुकन्या मॅडमना शाल दिली.

दारात काशीची आई, राहीबाई, येऊन उभी राहिली. कडेवर तान्हा भाविक, आणि गोदामातली शिफ्ट गाठायची घाई.

"सर, हिला जमत न्हाय का?"

"जमेल. जरा हट्टी आहे."

"जमत नसंल तं सांगून टाका. मी ड्युटीला गेले का बारक्याला बघाया कोन न्हाय. ही घरी बसली तं माझी सोय व्हईल." तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "उद्या साहेबाच्या म्होरं नीट बोल्ली तं ठेवीन शाळंत. न्हाय तं कशाला रखडवायची?"

काशीने आईकडे पाहिलं. "मी बोलन नीट."

"मी शिकवलंय तसंच बोलेल ती," सर म्हणाले. "माझा शब्द."

राहीबाई गेली. सरांनी खुर्ची पुढे ओढली.

"शाळेत यायचंय ना?"

"हो."

"मग मोजू नकोस. मी सांगतो ते ऐक फक्त."

"पन सर..."

"पन बिन काही नाही. म्हण माझ्यामागे."

काशी म्हणत राहिली. लूमच्या ठेक्यावर पाठांतर बरं चालतं, हा सरांचा जुना अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी चाचणी घ्यायला तालुक्याचे केसरीनाथ साहेब आले. त्यांनी आधी नारळपाणी घेतलं, मग पोरं. एकेक पोर पुढे येई, उत्तर देई, साहेब मोबाइलवर बोट दाबत. राहीबाई भाविकला घेऊन दाराशी थांबली होती.

"काशी. आठ आणि पाच?"

काशीची बोटं हलू लागली. तिने मूठ आवळली आणि सरांकडे पाहिलं.

"अकरा."

"चूक." साहेबांनी बोट दाबलं. "काय हो हरेश, एकालाही येत नाही?"

"सुरुवात आहे, साहेब."

"ते बरंच आहे म्हणा. वाढायला जागा भरपूर."

साहेब जीपकडे निघाले. राहीबाईने आत येऊन काशीचं दप्तर उचललं आणि भाविकला तिच्या कडेवर दिलं. "धर. आजपास्नं हा तुझा," ती म्हणाली आणि चपला घालायला वळली.

काशी एका बाजूला वाकून मुलाचा भार सावरत होती. नजर सरांवर.

सरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाब्बास," ते हळूच म्हणाले. "तेरा, तेरा करत बसली होतीस. सुटलं की नाही शेवटी?"