ब्रेकच्या दिव्याची तार

“बघायचं तर बघा, पण काही काढायचं नाही,” पोलिस म्हणाला आणि चौकीच्या आवारात सावलीला जाऊन बसला.

वायरमन गाडीच्या मागे जाऊन खाली बसला. गॅरेजमध्ये तो लोकांच्या गाड्यांचं वायरिंग करायचा, पण ही गाडी त्याचीच होती. मागून टेम्पोने दिलेल्या धडकेत डिकी पार मागच्या सीटपर्यंत आत गेली होती, आणि त्या सीटवर त्याची बायको बसलेली होती. ती अजून डोळे उघडत नव्हती. गाडी चालवणारी त्याची मुलगी मानेला पट्टा बांधून दवाखान्यात आईच्या खोलीबाहेर बसून होती.

टेम्पोवाल्याचं म्हणणं एकच. पुढच्या गाडीचा ब्रेकचा दिवा लागलाच नाही, मग मला कळणार कसं? हे ऐकताच वायरमनने नजर खाली वळवली होती. कारण आदल्याच दिवशी ते दिवे त्यानेच दुरुस्त केले होते. दुरुस्त कसले, वेळ मारून नेली होती. दोन्ही दिव्यांना जाणारी वायर डिकीत कुजली होती. गिऱ्हाइकाच्या गाडीत असली वायर दिसती तर त्याने नवीन टाकली असती, वर मालकाला चार शब्द सुनावले असते. पण ही पडली घरची गाडी. त्याने दोन टोकं पिळली, वर टेप गुंडाळली आणि उद्या नीट करू म्हणाला. मग नेहमीसारखी बायको ब्रेकवर पाय ठेवून बसली आणि हा मागे उभा राहिला. “दाब.” “लागला?” “लागला. सोड.” ब्रेकचे दिवे एकट्याने तपासता येत नाहीत, आणि लग्न झाल्यापासून हे काम तिचंच होतं. गॅरेजमधल्या कोणापेक्षाही तुझा पाय बरा, असं तो तिला म्हणायचा. उभ्या आयुष्यात तिचं केलेलं एवढंच कौतुक.

टेपचं त्याने कोणालाच सांगितलं नाही. सांगायची पाळीच आली नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा मुलगीच म्हणाली, “मी ब्रेक दाबलाच नाही. घाबरले, आणि गाडी गिअरमध्येच बंद पडली.” झालं. ब्रेकच दाबला नाही तर दिवा लागणार कुठून? सगळा दोष तिच्या अंगावर गेला. तुझ्यामुळे माझी बहीण अशी पडलीय, म्हणत मामाने तिच्याशी बोलणं टाकलं. आणि वायरमनला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची इतकी लाज वाटली की सगळ्यांच्या देखत तो तिच्यावरच ओरडला. “गाडी शिकवली ती याच्यासाठी?”

पण मन खात होतं. शेजारच्या सीटवर बसली तरी पायाखाली ब्रेक शोधणारी ही पोर. घाबरून विसरली असेल तर? तिने ब्रेक दाबला असेल आणि दिवाच लागला नसेल तर? मग बायकोला त्या खाटेवर त्यानेच झोपवलं होतं. हे कळल्याशिवाय घास गिळवत नव्हता.

आता तपासायचं तरी काय? बॅटरी मेलेली, वायरीच्या चिंध्या झालेल्या. उजव्या दिव्याचा चक्काचूर झाला होता. डाव्याची लाल काच फुटली होती, पण आतला बल्ब शाबूत होता. त्या बल्बमध्ये दोन तारा असतात. बारीक तार रात्रीच्या दिव्याची, जाड तार ब्रेकची. त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं, धडक बसताना तार थंड असेल तर तटकन तुटते. पेटलेली असेल तर तापून मऊ झालेली असते, ती ताणली जाते. अपघात भरदुपारी झाला होता. म्हणजे बारीक तार थंडच असणार. जाड तारही तुटलेली निघाली, तर ब्रेक दाबला नव्हता की टेपने दगा दिला, हे जन्मात कळणार नव्हतं.

त्याने अंगठ्याने बल्बवरची धूळ पुसली. मोबाइलचा उजेड पाडला. बारीक तार मधोमध तुटली होती. जाड तार मात्र उसवलेल्या स्वेटरच्या धाग्यासारखी लांब ओढली गेली होती.

दिवा लागला होता. वायरमन तिथेच धुळीत बसून लहान मुलासारखा रडला. पोलिस उठून आला. त्यालाही त्याने दोन्ही तारा दाखवल्या, समजावून सांगितल्या. “साहेबांना दाखवतो,” पोलिस म्हणाला. “टेम्पोवाल्याला परत बोलवावं लागेल.”

तेव्हा कुठे वायरमनच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. दिवा लागला होता, म्हणजे मुलीचा पाय ब्रेकवर होता.

दवाखान्यात मुलगी त्याच बाकावर बसली होती.

“आई?” त्याने विचारलं.

“तशीच आहे.”

तो तिच्या शेजारी बसला. “चिऊ, तू ब्रेक दाबला होतास.”

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. “नाही, बाबा. सांगितलं ना एकदा.”

“दाबला होतास. मी आत्ता बल्ब बघून आलो. दिवा लागला होता.”

मानेचा पट्टा विसरून ती अख्खी त्याच्याकडे वळली. “लागला होता? खरंच लागला होता?”

“लागला होता. मग मामाने टाकलं, मी सगळ्यांत बोललो, ते ऐकून घेतलंस. खोटं कशाला बोललीस?”

ती रडायला लागली. मग डोळे पुसत ती म्हणाली, “तुम्ही वायरला टेप गुंडाळत होतात ना, तेव्हा मी मागेच उभी होते, बाबा.”