चित्रातली सावली

बागा आखण्याची पदवी घेतलेल्या मुलीला अखेर एका बिल्डरकडे नोकरी मिळाली, ती जाहिरातीच्या चित्रांत झाडं काढायची. आज बाबा तिला न सांगताच तिच्या ऑफिसात घर बुक करायला आले.

"तू आखलेल्या बागेतच म्हातारपण काढीन म्हणतो," ते कौतुकानं म्हणाले.

ती त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा, सही करू नका. या बागेखाली पार्किंग आहे. स्लॅबवर वीतभर माती टाकणार, तिथे गवत जगलं तरी देवाची कृपा. झाडं फक्त चित्रात."

बाबांनी पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या आजींनी तेच चित्र तिच्यापुढे सरकवलं. "बाळा, आमचे हे अंथरुणाला खिळलेत. ही सावली त्यांच्या खिडकीपर्यंत येईल ना गं?"

काचेपलीकडून साहेब बघत होते.

"येईल ना, आजी. पाखरंसुद्धा येतील."

"गुणाची गं पोर!" आजींनी तिच्या गालावरून हात फिरवला. "कुणाची गं तू?"

बाबा तिथेच बसले होते. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.