इंदुबाईची हाक

घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशनचे शेक घेऊन सहा महिने झाले, तरी इंदुबाईचा आवाज बसलेलाच होता. ही शेकांची सूज की कॅन्सर परतला, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. "महिनाभर बघू. सूज असेल तर आवाज हळूहळू सुटेल."

रोज ती दारातून नवऱ्याला "अवो" म्हणून हाक मारून बघायची. आधी हाक अंगणात पोचली, मग विहिरीपर्यंत.

महिना भरला त्या दिवशी जाऊ चार बायकांना घेऊन भेटायला आली. "परतलाच हाय तो. नवऱ्याशी काय बोलायचं ऱ्हायलं असंल, तर बोलून घे."

इंदुबाई उठून दारात गेली आणि चाळीस वर्षांत उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं नाव घेऊन ओरडली, "बाळारामऽऽ!"

शेताच्या पार शेवटच्या बांधावरून ओ आली.